चालतंय ना?

एखाद्या पतपेढीत, शाळेत किंवा कारखान्याच्या कचेरीत सर्व्हर कुठला हे कुणाला विचारावं लागत नाही. ज्या यंत्रावर 'कृपया बंद करू नये' असा कागद सेलोटेपने चिकटवलेला असतो, तो सर्व्हर. कागद पिवळा पडलेला असतो, सेलोटेप तपकिरी झालेली असते आणि अक्षर अशा माणसाचं असतं, ज्याने ती नोकरी केव्हाच सोडलेली असते. खंडेनवमीला या यंत्राला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, समोर पेढा ठेवला जातो. मग पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्याच्या वाटेला कुणी जात नाही. वाळलेला हारसुद्धा काढला जात नाही, कारण काढताना एखादी वायर हलली तर? आत कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आहे, ती कुठल्या सालची आहे आणि जिने ती बनवली ती कंपनी तिला अजून ओळख दाखवते का, हे प्रश्न त्या खोलीत अशुभ मानले जातात. कुणी धीर करून विचारलेच, तर उत्तर ठरलेलं आहे : 'चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?'

'चालणे' हे मराठीतलं भलतंच चालू क्रियापद आहे. माणूस चालतो, घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाणं चालतं, आणि 'चहात साखर थोडी कमी पडली' यावर 'चालतं' हे उत्तरही चालतं. यंत्र सुरू आहे हा एक अर्थ झाला. आहे ते खपवून घेण्याजोगं आहे हा दुसरा. पहिली वस्तुस्थिती, दुसरं मत. सर्व्हरबद्दल 'चालतंय' म्हणणारा पुरावा पहिल्या अर्थाचा देतो (हिरवा दिवा लुकलुकतोय) आणि निकाल दुसऱ्या अर्थाचा लावून मोकळा होतो. या गडबडीत क्रियापदाचा मूळ अर्थ, म्हणजे जागा सोडून पुढे जाणं, तेवढा राहून जातो. जुना सर्व्हर नेमकं तेवढंच करत नसतो. तो उभा असतो. चालत असतं ते भोवतालचं जग. माझं म्हणणं एवढंच आहे की, 'हात लावू नका' हा सल्ला सावधपणाचा दिसत असला तरी ज्या धोक्याची तो भीती घालतो, तो धोका तोच तयार करतो. हा सल्ला जितकी वर्षं पाळावा तितका तो खरा ठरत जातो. दोन वर्षं हात लावला नाही तर हात लावायला थोडं भ्यावं लागतं, दहा वर्षं लावला नाही तर भ्यायलाच हवं. आणि मग सल्ला देणारा म्हणतो, 'बघा, मी सांगत नव्हतो?'

ऑपरेटिंग सिस्टीमची एक सोय अशी की तिच्या मरणाची तारीख आगाऊ जाहीर होते. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही, आणि असती तरी आपण एलआयसीच्या एजंटाला टाळलंच असतं. विंडोज सर्व्हर २००३ एप्रिल २००३ मध्ये आली आणि १४ जुलै २०१५ला तिचा आधार संपला. सर्व्हर २००८चा १४ जानेवारी २०२०ला, सर्व्हर २०१२चा १० ऑक्टोबर २०२३ला. सेंटओएस या लिनक्सची ७वी आवृत्ती जुलै २०१४ मध्ये आली. ३० जून २०२४ हा तिचा शेवटचा दिवस जगाला वर्षानुवर्षं ठाऊक होता. उबुंटूने तर औषधाच्या पट्टीसारखी तारीख नावातच छापलीय : १४.०४ म्हणजे २०१४चा एप्रिल, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं फुकट आधार, म्हणजे २०१९चा एप्रिल आला की संपलं. तोंडी हिशेब आहे, पाचवीतला मुलगा करील. तरीही दर वेळी शेवटच्या आठवड्यात कचेऱ्याकचेऱ्यांतून जो मेल सुटतो, त्यात 'अचानक' हा शब्द असतो. अंगणात मांडव उभा राहिल्यावर वधूपित्याने 'अचानक लग्न निघालं' म्हणावं, तसा. पैसे मोजून मुदत वाढवून घेता येते, हे खरं. मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २०१२साठी तीन वर्षांची विकतची मुदतवाढ ठेवली, ती १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. पण मुदतवाढ घेणाऱ्यांचा स्वभाव पाहता, मिळालेली तीन वर्षं अपग्रेडच्या तयारीत न जाता चौथ्या वर्षाची मुदतवाढ कुठे मिळेल याच्या चौकशीत जातात.

आधार संपला म्हणजे काय झालं, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण वरवर पाहता काहीच होत नाही. १ जुलै २०२४च्या सकाळी सेंटओएस ७चे सगळे सर्व्हर नेहमीसारखे उठले. फरक एवढाच पडला की, यापुढे सापडणारी भोकं बुजवायला कुणी येणार नव्हतं. आणि गंमत अशी की, नव्या आवृत्तीतलं भोक बुजवलं की ते जुनीत कुठे आहे, हेही जाहीर होतं. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या वाटते. चोर त्या उघडून पाहतो, आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवतो आणि कुठल्या खिडकीची कडी नवीन बसवलीय ते टिपून घेतो. मग तो ज्या घरांना ती कडी कधीच बसणार नाही, अशा घरांच्या आळीत जातो. म्हणजे जुना सर्व्हर जागच्या जागी राहिला तरी दर महिन्याला थोडा जास्त उघडा पडतो, आणि त्यासाठी त्याने काहीही केलेलं नसतं. काहीही न करणं हाच त्याचा गुन्हा.

चोर राहू द्या बाजूला. जग पुढे सरकलं की साध्या व्यवहारातही उभ्या माणसाची पंचाईत होते. सेंटओएस ७ मध्ये नवं सॉफ्टवेअर बसवण्याच्या आज्ञेचं नावच 'यम' आहे. हा विनोद मराठी माणसाला फुकट मिळालेला, आणि कुणाच्या लक्षात न आलेला. आधार संपल्यावर या यमाला ज्या पत्त्यावरून यादी मिळायची तो पत्ताच बंद झाला. पॅकेजेस जुन्या दप्तरखान्यात हलवली गेली होती, पण यमाला कुणी सांगितलं नव्हतं. तो जुन्याच पत्त्यावर रेडा घेऊन जायचा आणि 'असं कुणी इथे राहत नाही' असं ऐकून परत यायचा. त्याआधी ३० सप्टेंबर २०२१ची गोष्ट. संकेतस्थळांची ओळख पटवणारी जी प्रमाणपत्रं लेट्स एन्क्रिप्ट फुकट वाटते, त्यांना टेकू देणारं एक जुनं मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी मुदत संपून बाद झालं. नव्या यंत्रणांनी दुसरी वाट आधीच शिकून ठेवलेली होती. ही ओळख तपासणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या १.०.२ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर विसंबलेली यंत्रं मात्र जुन्याच वाटेने गेली, वाटेत दरड पाहिली आणि कालपर्यंत ज्यांच्याशी रोज बोलत होती त्यांना ओळख देईनाशी झाली. त्या दिवशी ज्यांचे सर्व्हर अडले, त्यांनी हेच सांगितलं असणार की 'आम्ही तर हातही लावला नव्हता!' बरोबर. म्हणूनच अडले.

'हात लावू नका' या सल्ल्याच्या परिपक्व अवस्थेचं दर्शन घ्यायचं तर पॅरिसला जावं लागेल. ७ नोव्हेंबर २०१५ला धुकं पडलेलं असताना तिथल्या ओर्ली विमानतळावर 'देकोर' नावाची यंत्रणा बंद पडली आणि विमानं खोळंबली. धुक्यात धावपट्टी किती अंतरापर्यंत दिसतेय ही माहिती वैमानिकांपर्यंत पोचवण्यात तिचा हात होता. म्हणजे तिची गरज धुक्यातच, आणि ती गेली तीही धुक्यात. पुढे उघड झालं की, ती विंडोज ३.१वर चालत होती. विंडोज ३.१ ही १९९२ची, ती आली तेव्हा आपल्याकडे केबलची वायर गच्चीवरून ओढली जात होती. कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या सांगण्यानुसार ही यंत्रणा कळणारी तीनच माणसं पॅरिसमध्ये उरली होती, त्यांतला एक निवृत्तीला आलेला, आणि सुटे भाग कधीकधी ईबेवर शोधावे लागत. इथे 'चालतंय' याचा हिशेब पुरा होतो. ऑपरेटिंग सिस्टीम फुकट पडली होती, पण तिच्यासाठी तीन माणसांची तब्येत जपावी लागत होती. जुन्या सर्व्हरचा खर्च वाचत नाही, तो यंत्राच्या खात्यातून निघून माणसाच्या खात्यात जातो. ज्या कचेरीत 'ते जोशी आले की बघतील' असं म्हणतात, तिथे खरी ऑपरेटिंग सिस्टीम जोशी हीच असते, आणि तिचा आधार अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी संपतो.

आपल्याकडचं उदाहरण थेट मुंबईच्या मिंट रोडवरचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं आहे, आणि ते निदान शेवट गोड झालेलं आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. त्यानंतरही देशभरातली कितीतरी एटीएम यंत्रं आतून एक्सपीच होती. आपण पिन टाकताना हाताचा आडोसा करत होतो आणि पलीकडे मागचं दार उघडं होतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांकडे याबद्दल काळजी व्यक्त केली. काळजी वाचून बँकांनी ती फायलीला लावली असावी, कारण २१ जून २०१८ला रिझर्व्ह बँकेला दुसरं पत्र काढून हप्ते बांधून द्यावे लागले : सप्टेंबर २०१८पर्यंत पाव एटीएम, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्चपर्यंत पाऊण आणि जून २०१९पर्यंत सगळी. जी बँक कर्जदाराचा एक हप्ता चुकला तर तीन एसएमएस पाठवते, तिला अपग्रेड हप्त्याहप्त्याने करायला लावावं लागलं, यात एक काव्यात्म न्याय आहे. पण पत्र काढणाऱ्याने एक गोष्ट बरोबर ओळखली होती. 'लवकरात लवकर' असं लिहिलं असतं तर 'लवकर' आलं नसतं. तारीख लिहिली, तेव्हा हालचाल झाली.

तारीख न लिहिल्यावर काय होतं, हे मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने दाखवून दिलं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाची कीड तिच्या जाळ्यात शिरली आणि जगातल्या सगळ्यांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक कंपनी काही तासांत कागदपेन्सिलीवर आली. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही त्या दिवशी अडलं; न्हावाशेव्याला कंटेनर तुंबायचं कारण युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. पुढे जे बाहेर आलं त्यात असं होतं की, कंपनीत काही सर्व्हर तेव्हाही विंडोज २०००वर होते. सुरक्षेची यंत्रणा नव्याने उभारायची योजनाही आदल्या वर्षी मंजूर झाली होती, पैसेही ठेवले होते. फक्त वरिष्ठांच्या बोनसच्या निकषांत ती बसवलेली नव्हती. त्यामुळे मंजूर झाली ती मंजूरच राहिली. एकट्या विंडोज २०००वर सगळं खापर फोडता येणार नाही हेही सांगून टाकतो, कारण ही कीड एका यंत्रातले परवलीचे शब्द उचलून शेजारच्या, नीट दुरुस्त्या केलेल्या यंत्रातही शिरत होती. पण घरात एक खिडकी कायमची मोडकी असेल, तर बाकीच्या खिडक्यांना गज असल्याचं कौतुक चोराला नसतं. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं. म्हणजे जे अपग्रेड 'वेळ नाही' म्हणून वर्षानुवर्षं होत नव्हतं, ते दहा दिवसांत झालं.

आणि मर्स्कवाले तेवढेही वाचले कशाने? लोडशेडिंगने. कंपनीचं सगळं जाळं ज्यांच्या स्मरणशक्तीवर चालतं, असे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर जगभर होते. ते एकमेकांना पाहून आपली माहिती ताजी ठेवत, म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप कुणी ठेवला नव्हता. सगळे एकदम मेले तर, हा विचार कुणाला शिवला नव्हता. सगळे एकदम मेले. एक घानामधला तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. तिथल्या तारा इतक्या बारीक की, माहिती इंग्लंडला पाठवायला दिवस लागले असते; घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता; म्हणून त्याने हार्ड डिस्क घेऊन नायजेरिया गाठलं, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो दुसरा लंडनच्या विमानात बसला. एका महाकाय कंपनीची आठवण अशी हातोहात, प्रसादाच्या डब्यासारखी गेली. आपल्या वीज मंडळाने या घटनेची तसबीर प्रत्येक सबस्टेशनात लावायला हरकत नाही.

एव्हाना विरोधी पक्षाचे वकील उठून उभे राहिले असतील, आणि त्यांची बाजू हलकी नाही. पहिलं म्हणणं असं की, नवं घेतलं की नवी दुखणी येतात. पुरावा भक्कम आहे. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाच्या दोषाचा बोभाटा झाला, तेव्हा तो ओपनएसएसएलच्या १.०.१ या तुलनेने नव्या मालिकेत होता; ज्यांनी ०.९.८ सोडलंच नव्हतं, ते आळशी लोक त्या दिवशी छाती काढून फिरले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका कोपऱ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदार बसवल्याचं उघड झालं, तेही अगदी ताज्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत. लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एका अभियंत्याच्या चिकित्सेमुळे ते सापडलं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेने सुमारे पंचाऐंशी लाख विंडोज यंत्रं निळी पडली. नॉटपेट्यासुद्धा युक्रेनमध्ये सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घरात आला होता. क्राउडस्ट्राइकच्या गोंधळात अमेरिकेतली साउथवेस्ट ही विमान कंपनी वाचली, आणि ती विंडोज ३.१ वापरते म्हणून वाचली अशी वावडी उठली, तेव्हा जुन्या सर्व्हरच्या पुजाऱ्यांनी जगभर पेढे वाटले. वावडी खोटी होती. ती कंपनी क्राउडस्ट्राइकची गिऱ्हाईक नव्हती, इतकंच. पण खोटी वावडी ज्या वेगाने पसरली, त्यावरून लोकांना काय ऐकायची आस होती ते कळतं.

या म्हणण्याला माझं उत्तर असं आहे की, हे सगळं खरं आहे आणि त्यातून 'हात लावू नका' हे सिद्ध होत नाही. ताजं पान लगेच खाऊ नये, एवढंच सिद्ध होतं. हा शहाणपणा उबुंटूवाल्यांनीच पाळलाय : जुन्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून नवीवर जायचं आमंत्रण नवी आवृत्ती निघाल्या दिवशी मिळत नाही, तिची पहिली डागडुजी होऊन .१ लागला की मिळतं. थांबणं आणि बसून राहणं यांत फरक आहे. आणि हार्टब्लीडच्या वेळी छाती काढून फिरलेल्यांची पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. पाचच महिन्यांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, बॅश या कवचात (शेलमध्ये) शेलशॉक नावाचा दोष सापडला; तो दोष १९८९पासून तिथे निवांत राहत होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोष नसतात असं नाही, ते फक्त अजून कुणाला भेटलेले नसतात. भेटले तेव्हा ज्यांचा आधार चालू होता त्यांना औषध आलं, बाकीच्यांना बातमी आली. वॉनाक्राय या खंडणीखोर किडीचंही तसंच. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली १४ मार्च २०१७ला, हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये एकोणसाठ दिवस होते. बोभाटा एक्सपीचा झाला, पण कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या पाहणीत बळी पडलेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ची निघाली, जिचा आधार तेव्हा संपलेलाही नव्हता. म्हणजे रोग म्हातारपणाचा नव्हता, हात न लावण्याच्या सवयीचा होता. ती सवय लागली की यंत्र नवं असून उपयोग नाही.

दुसरं म्हणणं जास्त बोचरं आहे, आणि ते सेंटओएसच्या गिऱ्हाइकांनाच शोभतं. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ निघाली, २०२९पर्यंत चालेल असं सांगितलं गेलं. शहाणी, वेळच्या वेळी गृहपाठ करणारी माणसं लगेच तिच्यावर गेली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ८चा कारभार २०२१ अखेर आटोपणार, आणि सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे २०२४पर्यंत राहणार. म्हणजे ज्याने अभ्यास केला तो नापास, आणि जो मागच्या बाकावर झोपला होता त्याला अडीच वर्षं सुट्टी! या अन्यायापुढे कुठलाही उपदेश फिका पडतो, हे मान्य. पण पुढे काय घडलं तेही पाहावं. रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स ही भावंडं थोड्याच महिन्यांत उभी राहिली, आणि ८वर असलेल्यांना एक स्क्रिप्ट चालवून त्यांत उतरता आलं. घर तेच, पाटी बदलली. ७वर झोपलेल्यांसाठी पुढच्या आवृत्तीवर जागच्या जागी चढायचा रस्ता सेंटओएसने कधी बांधलाच नाही. त्यांना परक्यांनी बांधलेल्या पुलावरून जीव मुठीत धरून जावं लागलं, नाहीतर नवं घर बांधून सामान हलवावं लागलं. नापास झालेला विद्यार्थी वरच्या वर्गात होता, हे विसरून चालणार नाही.

तिसरं म्हणणं सगळ्यांत खरं : आमचं सॉफ्टवेअर नव्यावर चालतच नाही. पगारपत्रकाचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो कॅनडात आहे, मूळ कोड त्याच्या त्या वेळच्या पेनड्राइव्हवर होता. इथे मला कोकणातली शाकारणी आठवते. दर वर्षी पावसाआधी घरावर चढायचं, कौलं चाळायची, फुटकी बदलायची. एक दिवसाचं काम, दोन माणसं, थोडी शिवीगाळ. दहा वर्षं कुणी वर चढलंच नाही तर अकराव्या वर्षी कौलं बदलून भागत नाही. पाय ठेवायला जावं तर रीप मोडते, रीप बदलायला जावं तर वासा हाताला येतो. मग मालक म्हणतो, 'म्हणूनच मी कुणाला वर चढू देत नव्हतो.' उबुंटू १४.०४वर बसलेल्याला २४.०४वर जायचं असेल तर लिफ्ट नाही. १६, १८, २०, २२ असे सगळे जिने चढावे लागतात, आणि प्रत्येक मजल्यावर काहीतरी गळून पडतं. १६.०४ला पीएचपी ५ जाऊन ७ येतं आणि डेटाबेसशी बोलायची जुनी पद्धत मुळातूनच काढलेली असते. सेवा सुरू-बंद करणारा जुना कारभारी अपस्टार्ट जाऊन तिथे सिस्टिमडी बसलेला असतो. २०.०४ला पायथन २ वळचणीला गेलेलं, २२.०४ला ओपनएसएसएल ३ येऊन जुन्या किल्ल्यांना नाक मुरडू लागतं. दर दोन वर्षांनी एक जिना चढणाऱ्याला यांतली एकेकच अडचण भेटली असती. पाच जिने एका रात्रीत चढणाऱ्याला त्या एकदम भेटतात, आणि कुठल्या मजल्यावर काय मोडलं ते कळत नाही. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये जुन्या यंत्रणेवरून नवीवर जाताना जवळजवळ सगळे ग्राहक एका शनिवार-रविवारात हलवले. एकोणीस लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना, आणि पुढे सुमारे चार कोटी शहाऐंशी लाख पौंडांचा दंड झाला. हे उदाहरण अपग्रेडच्या विरोधात वापरलं जातं. मला ते एकाच वेळी सगळी कौलं उतरवण्याच्या विरोधात वाटतं, तेही जूनमध्ये. राहिला तो कॅनडावाल्याचा प्रोग्रॅम. तो खरोखरच हलत नसेल तर त्याला जाळ्यापासून तोडून कोपऱ्यात एकटा ठेवावा. मात्र त्याच्या नावाखाली बाकीचे सहा सर्व्हर म्हातारे ठेवू नयेत, जसे बहुतेक ठिकाणी ठेवले जातात.

प्रत्यक्ष अपग्रेडची रात्र हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर फार रेंगाळत नाही. मुहूर्त शनिवारी रात्री अकराचा असतो, कारण त्या वेळी मदतीला कुणीच जागं नसतं. आधी 'बॅकअप आहे ना?' असा प्रश्न होतो आणि 'असणार की' असं उत्तर येतं. गिटलॅब या कंपनीकडे ३१ जानेवारी २०१७च्या रात्री बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या आणि गरज पडली तेव्हा एकही कामाची निघाली नाही. सुमारे सहा तासांची माहिती गेली. बॅकअप घेतलेला असणं आणि परत लावून पाहिलेला असणं यांत साखरपुडा आणि संसार यांच्याइतकं अंतर आहे. मग आज्ञा सुटते. उबुंटू दुरून अपग्रेड होत असेल तर स्वतःहून १०२२ क्रमांकाचं जादा दार उघडून ठेवते, म्हणजे मुख्य दार अडकलं तर तिथून आत या. जेवायला बसतानाच यजमानाने मागचा दरवाजा दाखवून ठेवावा, तसं वाटतं. आणि पहाटे दोनच्या सुमाराला पडद्यावर तो प्रश्न येतो : या फाइलीत तुम्ही बदल केलेले दिसतात, तुमची जुनी ठेवू की आमची नवी घालू? बदल आपण केलेला नसतो. तो त्या पिवळ्या कागदावरच्या अक्षराच्या माणसाने २०१३ मध्ये केलेला असतो, का केला ते त्याने कुठे लिहिलेलं नसतं, आणि आता त्याला फोन करावा तर तो दुसऱ्या एखाद्या सर्व्हरसमोर हाच प्रश्न वाचत बसलेला असतो. काही न सुचून एंटर दाबलं तर जुनीच राहते. म्हणजे यंत्रालाही 'हात लावू नका' ठाऊक आहे.

जुन्या सर्व्हरचा अभिमान बाळगणारेही असतात. किती दिवस बंद न होता चालला, याचा आकडा ते मुलाच्या टक्क्यांसारखा सांगतात. नेटवेअर ३.१२वर चालणारा एक सर्व्हर सोळा वर्षांहून जास्त काळ अखंड सुरू होता आणि २०१३ मध्ये डिस्कच्या कण्हण्यामुळे बंद करावा लागला, तेव्हा त्याची बातमी झाली होती. पण लिनक्सच्या जुन्या ३२ बिटी अवतारांत हा आकडा ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर यायचा. हा पराक्रम मोजण्याची पाटीच तेवढी लहान होती. बोइंग ७८७ विमानात २४८ दिवस सलग वीज सुरू ठेवली तर जनित्रांची नियंत्रकं बंद पडू शकतात असं २०१५ मध्ये लक्षात आलं, आणि अमेरिकी विमान प्रशासनाने अधूनमधून वीज बंद करून चालू करण्याचा रीतसर हुकूम काढला. कचेरीतला इलेक्ट्रिशियन जे फोनवर सांगतो, तेच. आणि दोन वर्षं न थांबलेला सर्व्हर बंद केल्यावर परत उठेल की नाही, याची खात्री त्या अभिमान्यालाही नसते. म्हणूनच तर तो कागद चिकटवलेला असतो.

पुढचा मुहूर्त आत्ताच सांगून ठेवता येतो. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७०पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या यंत्रांचं भांडं त्या क्षणी काठोकाठ भरेल आणि पुढच्या सेकंदाला त्यांच्या लेखी डिसेंबर १९०१ सुरू होईल. डेबियन या लिनक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत, एक जुना प्रकार वगळता, ३२ बिटी यंत्रांसाठीही मोठं भांडं घेतलंय. ज्यांनी वेळेत कौलं चाळली असतील त्यांना त्या सकाळी काही कळणारही नाही. पिवळ्या कागदाची ती कचेरी मात्र दहाला उघडेल. दाराशी अंगठा लावणाऱ्यांच्या हजेरीवर विसाव्या शतकातलं पहिलं वर्ष उमटेल, पगाराचा प्रोग्रॅम सगळ्यांना निवृत्तीला दीडशे वर्षं बाकी असल्याचं दाखवील, आणि वाळक्या झेंडूखालचा हिरवा दिवा नेहमीसारखा लुकलुकत असेल. कुणीतरी नवा मुलगा म्हणेल, सर, हे आता बदलायला हवं. सर चष्मा वर करून बघतील आणि म्हणतील, 'कशाला? रोज सकाळी आल्यावर तारीख हाताने टाकत जा. काय बिघडतंय?'